मदत हवी आहे: कपाळावरचा भोवरा केस मागे बसू देईना

मंडळी, मी खानापूरचा, रोज दुचाकीवरून बेळगावला कामाला जातो. पुढच्या महिन्यात निपाणीला मावसभावाचं लग्न आहे, तेव्हा केस सरळ मागे चापून बसवायचेत. पुढचे केस साधारण ३ इंच, बाजूचे एकदम बारीक. घोळ आहे तो कपाळावरच्या भोवऱ्याचा. ओल्या केसांना जेल लावून कंगवा फिरवला की आरशात झकास दिसतं. पण देसूर येईपर्यंत हेल्मेटात घाम येतो आणि तेवढी एक बट उभी राहते, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी!

आई म्हणते, खोबरेल चोपड. बसतात की, पण चौथीतल्या फोटोसारखा दिसतो मी.

सलूनवाले काका म्हणाले, आधी ड्रायरने मुळापासून मागे वाळव, मग पोमेड (केस बसवायचं मलमासारखं क्रीम) लाव. महिन्यात केस वाढून वाढून अर्धा इंच वाढणार. एवढ्या लांबीला पाण्याने निघणारं पोमेड पुरेल की तेलाचं घट्ट घेऊ? तेलाचं दोन-तीनदा शाम्पू केल्याशिवाय निघत नाही म्हणे. आणि फेटा उतरवल्यावर डोक्यावर काय उरतं, कुणाला अनुभव आहे काय?