ग्रुपवर तीनशे, मैदानात पंधरा. सपोर्टर जमवायचे तरी कसे?

लेफ्टबॅक_मिरज

नमस्कार मंडळी.

मिरजेतला आमचा क्लब लहान आहे, पण पोरं चांगली खेळतात, बाहेरच्या स्पर्धांनाही जातात. गुडघ्यानं दगा दिल्यापासून माझं खेळणं बंद आहे. क्लब मात्र सुटत नाही. दवाखान्यांच्या गल्लीत माझं सर्जिकलचं दुकान आहे, निम्मा कारभार त्या काउंटरवरूनच चालतो.

गेल्या सीझनला सपोर्टर ग्रुप काढला. टी-शर्ट छापले, फ्लेक्स केला, मॅचच्या आदल्या रात्री पोस्टर टाकतो. ग्रुपवर तीनशेच्या वर मेंबर आहेत. पोस्टरवर अंगठे, आगीचे गोळे, 'उद्या राडा' वगैरे सगळं पडतं. मैदानात येतात पंधरा-वीस, त्यातले निम्मे बदली खेळाडूंचे मित्र.

आणि बघणारी माणसं नाहीत असंही नाही. कंपाउंडच्या भिंतीबाहेर गाड्या लावून, गाडीवर बसूनच बरेच जण मॅच बघतात. गोल झाला की हॉर्न वाजवतात. आत या म्हटलं की "हितनंच दिसतंय की" म्हणतात. तिकीट नाही, पास नाही, गेट उघडं, तरी आत येत नाहीत.

घोषणांचं तर विचारूच नका. टीव्हीवर बघून इंग्रजी गाणी बसवली. पहिली ओळ पाच जण म्हणतात, दुसरी दोघं, तिसरीला सगळे मोबाइल काढतात. २०१६ च्या युरो कपात आइसलंडवाल्यांनी केलेली ती संथ टाळी तेवढी थोडी जमली.

तर कुणी सपोर्टरांनी भरलेला स्टँड उभा केलाय का? आमच्यासारख्या छोट्या क्लबला काय करता येईल ते सांगा. 'पेज काढा, रील टाका' सोडून. ते झालंय.

गणपती_पेठ

आधी मॅच जिंका. लोक आपोआप येतील. हरणाऱ्याच्या मागं कोण फिरतं?

पेठेतला

गणपती_पेठ, तसं असतं तर काय पाहिजे होतं. २०१८ ला अंधेरीत भारतानं चिनी तैपेईला ५-० नं हाणलं, कॅप्टन सुनील छेत्रीची हॅटट्रिक, आणि स्टेडियममध्ये अडीच हजारांच्या आसपास लोक. मग छेत्रीनं व्हिडिओ टाकला, की शिव्या द्यायच्या तर द्या, पण येऊन द्या. दोनच दिवसांनी केनियाची मॅच, त्याची शंभरावी. तिकिटं संपली. टीम तीच होती, फरक पडला तो थेट तोंडावर मागण्यानं. पोस्टरवर 'चलो मैदान' लिहिणं वेगळं आणि "उद्या तू ये, तुझी जागा धरून ठेवतो" म्हणणं वेगळं.

लेफ्टबॅक, मी कोल्हापूरचा, नोकरीनं सांगलीत. आमच्याकडं शाहू स्टेडियम भरतं त्याचं कारण नुसता फुटबॉल नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या आधी तालमी आहेत, मग टीम. गणपती तिथलाच, कुणाच्या घरी मयत झालं तर धावून येणारी पोरंही तिथलीच. माणूस पेठेसाठी येतो आणि आल्यावर फुटबॉल शिकतो. आमच्या आजीला ऑफसाइड कळत नव्हता, पण समोरच्या पेठेला गोल झाला की तिला बरोबर कळायचं. मिरजेत तुम्हाला तालीम आयती मिळणार नाही. गणेश मंडळं आहेत ना पण? विसर्जनाला मिरजेत स्वागत कमानी उभ्या राहतात त्या काय मुंबईहून येतात का? त्या मंडळांच्या पोरांना गाठा.

एक मात्र आमच्याकडनं घेऊ नका. वाईट गोलानंतर बाटल्या, समोरच्या पेठेच्या आयाबहिणींचा उद्धार, मग मॅचपेक्षा बंदोबस्त मोठा. एकदा ते नाव लागलं की घरचा माणूस पोराला स्टेडियमला सोडत नाही.

फडावरचा_आवाज

मी फुटबॉलवाला नव्हं. पलूस तालुक्यातला, द्राक्षबाग आहे, आणि यात्रांच्या कुस्ती मैदानात निवेदन करतो. धाकटा मिरजेत शिकायला आहे, तिथल्या एका टीमकडनं खेळतो. कुठल्या ते सांगत नाही, उगं त्याच्यावर यायला नको. रविवारी जमंल तसं येतो. त्या भिंतीबाहेरच्या गाड्यांत एक माझीबी असती.

आत का येत नाही, इचारलंच आहे तर सांगतो. पहिली गोष्ट ऊन. चारला मॅच सुरू होती, ऊन मावळतीकडनं येतंय, आणि तुमचा फ्लेक्स बांधलाय उगवतीच्या पायऱ्यांवर. दीड तास डोळ्यांवर हात धरून कोण बसंल? भिंतीकडं झाडाची सावली आहे, म्हणून गाड्या तिकडं. दुसरं, आत बसलेली सगळी टी-शर्टवाली. माझ्यासारख्यानं तिथं जाऊन बसायचं म्हंजे दुसऱ्याच्या लग्नात नवरदेवाच्या पंगतीला बसल्यागत वाटतं. तवा फ्लेक्स मावळतीला घ्या. बाहेरच्यांना आत बोलवायच्या आधी तुम्हीच त्यांच्याजवळ सरका. भिंत मधी राहिली तर राहू द्या काही दिवस.

आता माझ्या धंद्यातलं. कुंडलच्या मैदानाला जाऊन बघा, माणसं उगं मुंग्यांसारखी येत नाहीत. फडात पोरगं उतरलं की निवेदक पुकारतो, अमक्या गावचा, अमक्या वस्तादाचा पठ्ठ्या. त्या गावची चार माणसं कुठं कोपऱ्यात बसलेली असली तरी उठून टोपी उडवतात. त्यांना कुणी घोषणा शिकवलेली नसती. तुमच्या मॅचला कॉर्नर कोण मारतंय हे मला माझं पोरगं सोडून कुणाचंच कळत नाही. सात नंबर, अकरा नंबर. अहो, नंबरासाठी कोण ओरडतंय? तो सात नंबर कुठल्या गल्लीचा, कुठल्या शाळेचा, त्याचा बाप काय करतो, ते सांगा. दोन मॅचला सांगितलं तर तिसऱ्याला ती गल्ली येती. पेठेतला म्हणतोय ते ह्योच. फरक इतकाच, पेठ तुमच्याकडं आयती नाही, ती एकेक नाव पुकारून गोळा करायची.

दुसरं बक्षीस. कुस्तीत जिंकल्यावर पैलवान फडाच्या कडंनं फिरतो, लोक हातात नोट ठेवतात. कुणी मधीच चिठ्ठी पाठवतो, ह्या पोराला माझ्याकडनं शंभर. निवेदक नाव घेऊन पुकारतो. शंभराची नोट देणारा त्या दिवसापुरता मैदानाचा मालक असतो, पुढच्या वर्षी तो दहा माणसं घेऊन येतो. तुमच्या गोलकीपरनं चांगला बॉल अडवला तर पन्नास रुपये द्यायला मी तयार आहे. पण द्यायचे कुणाकडं, हेच कळत नाही.

तिसरं वाजवणं. तुमची पोरं ताशा घेऊन बसतात आणि शेवटपर्यंत एकच चाल. समोरचा पेनल्टी मारतोय तरी तीच. हलगीवाल्याचं लक्ष कुस्तीवर असतं. पकड नुसतीच धरून ठेवलीय तर हात सैल, डाव लागायला आला की लय चढती, आणि लोक खेळ बघून नव्हं, हलगी ऐकून उठून उभारतात. ती आइसलंडची टाळी तुम्हाला जमली ती त्याच कारणानं, संथ सुरू होऊन चढत जाती. एक हलगी, एक घुमकं बास झालं. टीव्हीवर दाखवतात तसा मॅचकडं पाठ करून घोषणा देणारा माणूस आपल्याकडं नको, त्यालाच मॅच बघायची असती, मागं वळून वळून मान मोडंल.

गोलकीपरची_बहीण

काका, ते पन्नास रुपये लक्षात ठेवते हं.

लेफ्टबॅक दादा, तुमच्या त्या ग्रुपमध्ये मला घेतलेलंच नाही. मेंबर किती हे कळलं तेही इथेच वाचून. मी विश्रामबागहून येते, माझ्यासोबत आई आणि मावशी यायला तयार असतात. पण मॅच किती वाजता हे आम्हाला रात्री साडेदहाला भावाकडून कळतं. रविवारी चारला पोचायचं तर घरचं आधी आवरावं लागतं, ते रात्री साडेदहाला कळून होत नाही. आणि मैदानावरच्या बाथरूमला कायम कुलूप. चावी कुणाकडे असते हे विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मागच्या वेळी हाफटाइमला आम्ही घरी निघून गेलो.

मैदानातल्या शिव्यांबद्दल वर लिहिलंच आहे. आईला शिव्यांचं एवढं काही नाही, ती भाजी मंडईत वाढली आहे. पण तिच्या मुलाचं नाव घेऊन आपल्याच माणसांनी घातलेल्या शिव्या तिने का ऐकायच्या? गोल खाल्ला की आपलेच सपोर्टर सुरू होतात.

लेफ्टबॅक_मिरज

ताई, नंबर मेसेज करा, आजच ग्रुपमध्ये घेतो. मॅचची वेळ स्पर्धेवाले आम्हालाच उशिरा कळवतात, पण घरच्या मैदानावरच्या फ्रेंडली आपल्या हातात आहेत, त्यांची वेळ गुरुवारपर्यंत टाकायला काहीच हरकत नाही. चावीचं बघतो. रविवारी ती माझ्या खिशात असेल.

फ्लेक्स मावळतीला नेतोय. बंगळुरू एफसीच्या सपोर्टर ग्रुपचं, वेस्ट ब्लॉक ब्लूजचं नावही जुन्या फुटबॉल स्टेडियमच्या पश्चिमेच्या ब्लॉकवरूनच पडलं. आम्हाला सावलीसाठी का होईना, तीच दिशा.

काका, नावं पुकारायची कल्पना एकदम पटली, पण माइकचं अवघड आहे. लाउडस्पीकरला पोलिसांची परवानगी लागते. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत दवाखान्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, आणि मिरजेत कुठूनही १०० मीटर मोजले तर एखादा दवाखाना लागतोच. माझी गिऱ्हाइकं तीच आहेत, उद्या डॉक्टरच बिल थांबवतील. आधी अंतर मोजून घेतो, मग हलगीचं ठरवू. तोवर गेटवर फळा लावून नंबर, नाव, गल्ली, शाळा असं खडूनं लिहितो. तुम्ही मात्र विनामाइक पुकारायचं, तुमचा आवाज पोचेल यात शंका नाही.

बक्षिसावर कमिटीत वाद होणार. खेळाडूच्या हातात दिलं तर पास न देता सगळे गोलवर मारत सुटतील असं कोच आत्ताच म्हणाला. डबा ठेवून क्लबला द्यावं असं त्याचं मत.

पेठेतला

डब्यात कुणी पन्नास टाकत नाही, सुट्टे टाकतात. खेळाडूच्याच हातात द्या. कोचला सांगा, पास देणाऱ्याला पण मिळतं.

फडावरचा_आवाज

बरोबर. आणि गोलाला नकोच, अडवण्याला द्या. गोल मारणाऱ्याचं कौतुक तसंबी सगळेच करतात. बॅकला कोण इचारतंय? लेफ्टबॅकराव, तुम्हाला तरी पटायला पाहिजे.

१०० मीटर भरले तर हलगी मी आणतो, माइकबिइक काय नको. फक्त हवा दमट असली की कातडं ढिलं पडतंय, मग जाळावर शेकावं लागतंय, आणि मैदानात जाळ करू देणार नाहीत. तवा पावसाळ्याच्या मॅचला फायबरची लागंल. तिला तेवढा आवाज नाही, पण शेकायची भानगड नाही. आमच्या गावात एकाकडं आहे, इचारून बघतो.