बारावीला पीसीएममध्ये ५८ टक्के, इंजिनीअरिंग झेपेल का?

प्रश्न : विचारतोय_बाबा
मुलाला एचएससी बोर्डात पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) मिळून ५८ टक्के आहेत. गणितात १०० पैकी ५१. सीईटीला पर्सेंटाइल ६४. कॅप राउंडमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) जिल्ह्यातल्या खासगी कॉलेजात मेकॅनिकल किंवा ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) मिळेल असं दिसतंय. मुलाला यंत्रांची आवड आहे. नातेवाईक म्हणतात, एम-वन एम-टूमध्येच, म्हणजे पहिल्या वर्षाच्या गणिताच्या दोन पेपरांतच, अडकेल. मध्यम गुणांची मुलं इंजिनीअरिंगमध्ये टिकतात का, आणि टिकायचं तर नेमकं काय करावं लागतं? "मेहनत केली की होतं" एवढ्यावर निर्णय घेता येत नाही, म्हणून विचारतोय.

उत्तर : गणितवाला
टिकतात, पण आधी त्या ५१ ची फोड करा. बोर्डाचा गणिताचा लेखी पेपर ८० चा आणि प्रात्यक्षिक २० चं. प्रात्यक्षिकाचे १८ धरले तर लेखीत ८० पैकी ३३ उरतात. घरी बघायचा आकडा हा आहे. प्रवेशाची अडचण नाही, पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीवला ४० पुरतात.

आता त्याला पुस्तक न उघडता सहा गोष्टी करायला सांगा : चेन रूलने डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन्स, साइन-कॉसच्या गुणाकाराचं बेरजेत रूपांतर करणं, तीन बाय तीनचा डिटरमिनंट, आणि कॉम्प्लेक्स नंबर पोलर रूपात लिहिणं. चार जमल्या तर काळजी नको. दोनच जमल्या तर कॉलेज सुरू होईपर्यंतचा वेळ यातच घालवायचा. एम-वनचं पुस्तक आधी आणून वाचण्यात अर्थ नाही.

कारण एम-वनला मुलं नव्या संकल्पनेपेक्षा जुन्या बीजगणितात जास्त अडकतात. फूरिए सिरीजमध्ये एक्स-वर्ग गुणिले कॉस एनएक्स आलं की दोनदा बाय पार्ट्स करावं लागतं आणि दुसऱ्या वेळी चिन्ह हमखास चुकतं. मर्यादा मायनस पाय ते पाय असतील तर फंक्शन इव्हन आहे की ऑड हे पहिल्याच ओळीत बघायचं. इव्हन असेल तर साइनचे सगळे सहगुणक शून्य, म्हणजे अर्धं गणित संपलं. पार्शल डिफरन्शिएशनमध्ये यू बरोबर टॅन इन्व्हर्स असं काही दिलं की मुलं ऑयलरचं सूत्र थेट यूला लावतात. तिथे होमोजीनियस असतं टॅन यू, यू नव्हे. मॅट्रिक्समध्ये आयगेन व्हॅल्यू काढल्या की त्यांची बेरीज मुख्य कर्णाच्या बेरजेशी आणि गुणाकार डिटरमिनंटशी जुळतो का ते बघावं. दहा सेकंदांचं काम आहे, तरी पेपरात फार थोडे करतात.

उत्तर : रेषा_आणि_बल
वरचं सगळं मान्य, पण घरचे नेहमी एम-वनलाच घाबरतात. मध्यम मुलाचे गुण तितकेच जातात मेकॅनिक्स आणि ग्राफिक्समध्ये (इंजिनीअरिंग ड्रॉइंग), आणि तिथे मिळवणंही सोपं आहे.

मेकॅनिक्स म्हणजे फ्री बॉडी डायग्रॅम, वस्तूवर लागणारी सगळी बलं दाखवणारी आकृती. शिडीचं गणित घ्या : भिंत गुळगुळीत, जमीन खडबडीत. अर्धा वर्ग भिंतीपाशीही घर्षण दाखवतो. गुळगुळीत भिंत फक्त स्वतःला काटकोनात ढकलते, वरखाली काही नाही. शिडीचा पाय बाहेर घसरू पाहतो, म्हणून जमिनीवरचं घर्षण भिंतीकडे. मग मोमेंट पायाच्या बिंदूभोवती घ्यायचे, म्हणजे तिथली दोन अज्ञात बलं आपोआप गळतात आणि एका समीकरणात भिंतीची रिअॅक्शन मिळते. आकृती न काढता समीकरण लिहायचं नाही, एवढा एकच नियम सहा महिने पाळला तरी हा विषय सुटतो.

ग्राफिक्सचं सांगायलाच हवं, कारण तिथे नुकसान मुलं स्वतः करून घेतात. काचेखाली दिवा लावून सिनिअरचं शीट छापायचं, म्हणजे जीटी मारायची. टर्मवर्क पूर्ण दिसतं, पण परीक्षेत कोऱ्या कागदावर एक्स-वाय रेषेच्या वर काय आणि खाली काय हेच आठवत नाही. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात : टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली आणि डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे. आयसोमेट्रिकमध्ये प्रोजेक्शन मागितलं तर आयसोमेट्रिक स्केल वापरायचं, म्हणजे लांबी सुमारे ८२ टक्के होते. नुसता व्ह्यू किंवा ड्रॉइंग म्हटलं तर खरी लांबी. प्रश्नातला तो एक शब्द न वाचल्याने अख्खी आकृती चुकते. ज्याला यंत्र उघडून बघायची आवड आहे त्याला हा विषय आवडतोच. फक्त शीट स्वतः काढू दे.

उत्तर : पॉलिटेक्निक_कट्टा
माझं मत थोडं वेगळं आहे. गणितवाल्यांच्या यादीतलं एकही जमत नसेल आणि बसून करायची इच्छाही नसेल, तर डिग्रीला आत्ता घालू नका. बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दोन वर्षं डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आणि पुढे तीन वर्षं. चारऐवजी पाच वर्षं लागतात, पण वर्कशॉप आणि ड्रॉइंग पक्कं होतं. एक धोका मात्र आहे : एम-वन, एम-टू न करता मुलगा थेट लाप्लास आणि व्हेक्टर कॅल्क्युलसच्या वर्गात बसतो. डिप्लोमा आणि डिग्रीच्या मधल्या सुट्टीत पार्शल डिफरन्शिएशन आणि मल्टिपल इंटिग्रल उरकून घ्यावे लागतात.

डिग्रीलाच गेला तर बॅकलॉगचं, म्हणजे राहिलेल्या विषयांचं, गणित समजून घ्या. एखादा विषय राहिला म्हणून वर्ष लगेच जात नाही, एटीकेटी असते, म्हणजे तो विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जाता येतं. पण राहिलेला पेपर पुढच्या सेमिस्टरच्या पेपरांच्या मधेच येऊन बसतो आणि त्याची तयारी नव्या विषयांचे दिवस खाते. म्हणून पहिल्या सेमिस्टरला सगळे विषय सोडवणं हे गुणांपेक्षा महत्त्वाचं. शिवाय कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या ६० टक्के आणि चालू बॅकलॉग नको अशी अट घालतात.

आधी हातात येणारे गुण सोडू नयेत. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात इनसेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा) ३० ची आणि एंडसेम (शेवटची) ७० ची होती. इनसेमला पहिली दोनच युनिट्स. मध्यम मुलासाठी ती सगळ्यात स्वस्त संधी, आणि "अजून वेळ आहे" म्हणून तीच वाया जाते.

विचारतोय_बाबा
आभारी आहे. त्याला आज सहा गोष्टी दिल्या, तीन जमल्या. पार्शल फ्रॅक्शन्स आणि कॉम्प्लेक्स नंबर कोरे, बाय पार्ट्समध्ये चिन्ह चुकलं. मग मेकॅनिकल की ई अँड टीसी?

उत्तर : गणितवाला
तीन म्हणजे काम होण्यासारखं आहे. रोज दीड तास, आधी पार्शल फ्रॅक्शन्स, कारण पुढे लाप्लास इन्व्हर्सला तेच लागतात. रोज दहा उदाहरणं पूर्ण उत्तरापर्यंत, मधे सोडायचं नाही.

शाखा मेकॅनिकल घ्या. ई अँड टीसीला सिग्नल्स अँड सिस्टिम्समध्ये फूरिए, लाप्लास आणि कॉम्प्लेक्स नंबर पुन्हा समोर उभे राहतात, म्हणजे त्याची कच्ची बाजूच रोज लागणार. मेकॅनिकलला गणित नाही असं नाही, हीट ट्रान्सफरमध्ये डिफरन्शियल इक्वेशन्स येतातच, पण थर्मो आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये आकृती नीट काढणाऱ्याला बराच आधार मिळतो.

उत्तर : रेषा_आणि_बल
ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन या. पहिल्या वर्षाचा विषयवार निकाल मागा, एकूण टक्केवारी नको. एम-वनला किती बसले, किती सुटले, आणि तो विषय कायमचे शिक्षक घेतात की दर सेमिस्टरला नवे येतात, हे विचारा. वर्कशॉपमध्ये लेथ चालू आहेत का, ते मुलाला घेऊन प्रत्यक्ष बघा. कामाचा दिवस असून लेथखाली धातूचा ताजा बुरादा नसेल तर ते कॉलेज यादीत खाली टाका.