मदत हवी आहे: रोबोट व्हॅक्यूम अर्ध्यातच डॉकवर (चार्जिंगच्या स्टँडवर) परततो, बॅटरी बदलू की आतला सर्किट बोर्ड?

नमस्कार मंडळी, घरी झाडू-पोछा दोन्ही करणारा, लेझरने नकाशा काढणारा रोबोट आहे. आईचे गुडघे दुखतात, वाकून केर काढणं तिला जमत नाही, त्यामुळे हे मशीन आमच्याकडे हौसेचं नाही, गरजेचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एका चार्जमध्ये अख्खा टूबीएचके झाडून व्हायचा आणि वर बॅटरी उरायची. आता हॉल आणि एक बेडरूम झाली की निघाला डॉककडे, आणि अ‍ॅपवर बघावं तर ४५ टक्के दिसता दिसता एकदम १२, मधले आकडे येतच नाहीत. बॅटरी लिथियम आयन, १४.४ व्होल्टची, म्हणजे आत चार सेल सिरीजमध्ये. फुल चार्जला मल्टीमीटरवर १६.५ येतात, ते ठीकच वाटतं, पण २० मिनिटं चालवून लगेच काढून मोजली तर १४ च्याही खाली. एखादा सेल बसलाय असा माझा अंदाज, बरोबर आहे का?

दुसरं, सोफ्याखालून जाऊन आला तरी केसांचे पुंजके तिथेच. फिल्टर धुऊन पूर्ण वाळवून लावला, साइड ब्रश नवा आणला, काही नाही. मग मेन ब्रशच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी ओढून काढली तर आत बेअरिंगवर केस आणि साडीचे दोरे इतके करकचून गुंडाळले होते की ब्लेडने कापून काढावे लागले. आता ब्रश हाताने मोकळा फिरतो आणि केर नीट उचलतो, पण बॅटरीचं तसंच. घरात लांब केस असतील तर ती टोपी एकदा काढून बघाच, ब्रश वरून स्वच्छ दिसतो त्यावर जाऊ नका.

डॉकचे कॉन्टॅक्ट पुसले, सक्शन मॅक्सवरून स्टँडर्डवर आणलं, फरक नाही. काळ्या गालिच्याच्या काठावरून मागे फिरायचा, खालच्या सेन्सरला काळा रंग म्हणजे पायरी वाटते म्हणे, तो भाग अ‍ॅपमधल्या नकाशात नो-गो (तिथे जायचंच नाही असा) केला, तो प्रश्न मिटला.

सर्व्हिसवाले म्हणतात बॅटरीबरोबर बोर्डही बदला, पण बोर्डाला काय झालंय विचारलं तर धड उत्तर नाही. बाहेर त्याच मॉडेलची बॅटरी मिळतेय, व्होल्टेज तेच, पण माझ्या बॅटरीला लाल-काळ्याशिवाय एक बारीक वायर आहे आणि फोटोतल्या बॅटरीला दोनच दिसतात. चालेल का? रात्रभर डॉकवर असते म्हणून भीती वाटते.

प्रतिसाद:
दादा, सेलचा अंदाज बरोबर वाटतो, टक्के असे उड्या मारतात ते त्यामुळेच. दोन वायरींची अजिबात घेऊ नका, ती बारीक वायर बहुतेक तापमानाच्या सेन्सरची असणार, चार्जिंगला बॅटरी तापली तर मशीनला त्यावरूनच कळतं. आधी नुसती बॅटरी बदला, बोर्डाचं मग बघू. जुनी चार्जिंगला जास्त गरम लागत असेल तर आजच काढून ठेवा. आणि पॅक उघडून एकच सेल बदलायच्या भानगडीत पडू नका.