शब्दचर्चा : 'नॅचरल वाईन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

वाईनवरच्या एका पुस्तिकेचं मराठी भाषांतर करते आहे. त्यात 'नॅचरल वाईन' पानोपानी येतं. 'नैसर्गिक वाईन' लिहिलं तर बाकीच्या सगळ्या कृत्रिम असा अर्थ निघतो. 'सेंद्रिय' हे तर वेगळंच काहीतरी सांगतं. मला म्हणायची आहे ती अशी वाईन : बाहेरचं यीस्ट नाही, वरून साखर किंवा आम्ल नाही, बारीक गाळणी नाही, सल्फाइट (वाईन टिकावी म्हणून घालतात ते गंधकाचं संयुग) घातलंच तर अगदी नाममात्र. 'द्राक्षासव' चालेल का? आणि जॉर्जियात ज्या मातीच्या भांड्यात वाईन करतात त्या 'क्वेव्री'ला काय म्हणावं?

प्रतिसाद

'सेंद्रिय' बाजूला ठेवलंत ते बरं केलंत. ते बागेचं विशेषण आहे : खत कोणतं, फवारण्या कोणत्या. 'नॅचरल' हे द्राक्षं खुडल्यानंतरच्या कामाबद्दल बोलतं. सल्फाइटसाठी 'गंधक' शब्दही जपून वापरा. सेंद्रिय बागेतही भुरी या बुरशीरोगावर गंधक मारतात, त्यामुळे नाशिककडचा वाचक 'गंधक न वापरता' वाचून बागेचाच विचार करील. तिथे 'सल्फाइट' असंच लिहा.

फ्रान्समध्ये २०२० साली 'व्हँ मेतोद नातुर' ही नॅचरल वाईनची खूण मान्य झाली, तिच्यात मात्र बाग आणि तळघर दोन्हींच्या अटी आहेत. द्राक्षं प्रमाणित सेंद्रिय आणि हातानं खुडलेली हवीत, रस तिथल्याच यीस्टवर आंबला पाहिजे आणि सल्फाइट लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. व्याख्या देताना हे उपयोगी पडेल.

प्रतिसाद

'द्राक्षासव'बद्दल. आयुर्वेदातल्या शार्ङ्गधरानं आसव आणि अरिष्ट यांतला फरक नेमका सांगितला आहे : औषधी न उकळता, कच्च्या पाण्यात घालून केलं ते आसव, काढा करून केलं ते अरिष्ट. 'न शिजवलेलं' एवढ्यापुरतं आसव तुमच्या वाईनला लागू पडतं. पण आसवात गूळ किंवा मध पडतो, धायटीची फुलं पडतात, वर सुंठ-मिरी-पिंपळीसारखी द्रव्यं. तुमच्या वाईनची ओळखच मुळी काही न घालण्याची आहे. शिवाय द्राक्षासव म्हटलं की जेवणानंतर पाण्यातून दोन चमचे घ्यायचं औषध डोळ्यांपुढे येतं. ती सवय मोडणं कठीण.

त्यातच 'आसवनी' हा शब्द आज सरकारी कागदांत डिस्टिलरीसाठी वापरतात. आसवाला तर ऊर्ध्वपातनाची गरजच नसते. मला हे मनापासून खटकतं, पण शब्द तिकडे गेला तो गेला.

याहून नेमकं हवं असेल तर कौटिल्याकडे जा. अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या रसाला 'मधु' म्हटलं आहे आणि त्याची नावं दिली आहेत कापिशायन आणि हारहूरक, म्हणजे ज्या मुलखातलं त्या मुलखाचं नाव. कापिशी हे आजच्या अफगाणिस्तानातलं बेग्रामच्या बाजूचं ठिकाण. पाणिनीनंही 'कापिशायन' हे रूप साधायला वेगळं सूत्र खर्ची घातलंय. त्याच प्रकरणात किण्वाची, म्हणजे आंबवायच्या विरजणाची, कृती आहे, उडदाची आणि तांदळाची. द्राक्षाच्या 'मधु'साठी मात्र फक्त रस सांगितलाय, दुसरं काही नाही. तुमची व्याख्या ती हीच! पण 'मधु' आता मधाचा झाला, आणि 'मार्द्वीक' (मृद्वीका म्हणजे द्राक्ष) हा शब्द कोशाबाहेर कुणाला भेटत नाही. प्रस्तावनेत दोन्हींची ओळख जरूर करून द्या.

प्रतिसाद

'बिनविरजणाची वाईन' कशी वाटते? बाहेरचं यीस्ट म्हणजे शेवटी विरजणच.

प्रतिसाद

शब्द गोड आहे, पण वस्तुस्थितीशी जुळत नाही. नॅचरलवाले पुष्कळ जण काढणीच्या काही दिवस आधी आपल्याच बागेतली थोडी द्राक्षं खुडून, चुरडून आंबत ठेवतात आणि तो फसफसता रस मोठ्या पिंपात ओततात. फ्रेंचमध्ये त्याला 'पिए द क्यूव' म्हणतात. म्हणजे विरजण आहेच, फक्त ते पाकिटातलं नाही, घरचं आहे.

गोव्यात काजूची बोंडं तुडवून काढलेला रस असाच कुणी काही न घालता आंबतो. त्यापासून पुढे भट्टीवर हुर्राक आणि फेणी होते, म्हणून त्या रसाला वाईन कुणी म्हणत नाही, पण 'आपोआप आंबलेला' हे वर्णन त्याला अचूक बसतं. क्रियापद 'आंबणे' हेच ठेवा. 'किण्वन' शाळेच्या पुस्तकात ठीक, वाक्यात जड होतं.

आता क्वेव्री. 'माठ' नको, माठ पाणी गार करायला झिरपतो. 'रांजण' घ्या आणि पहिल्यांदा येईल तिथे 'जमिनीत पुरलेला रांजण' म्हणा. अंड्यासारखा आकार, खाली निमुळता, गळ्यापर्यंत मातीत, आतून मधमाश्यांच्या मेणाचा लेप. जॉर्जियाच्या काखेती भागात रसाबरोबर साली, बिया आणि देठही आत जातात (त्यांना तिथे 'चाचा' म्हणतात) आणि पाच-सहा महिने तसेच राहतात. म्हणून र्कात्सितेलीसारख्या पांढऱ्या द्राक्षाची वाईनही अंबरासारखी पिवळी-तांबूस उतरते. युनेस्कोनं ही पद्धत २०१३ साली वारशाच्या यादीत घेतली.

आपल्याकडे आसवासाठीचं मडकंही आतून तुपानं माखतात, धुरी देतात, तोंड बंद करून धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरतात. या मुरवण्याला 'संधान' म्हणतात. मडक्याच्या तोंडाशी जळती काडी नेली आणि ती विझली, तर संधान अजून चालू आहे असं समजायचं : आतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. क्वेव्रीच्या प्रकरणात 'संधान' वापरलंत तर परकं वाटणार नाही.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. मग असं करते : पहिल्या ठिकाणी 'अंगच्या यीस्टवर आंबलेली, वरून काही न घातलेली वाईन (यापुढे नॅचरल वाईन)' आणि नंतर सगळीकडे नुसतं 'नॅचरल वाईन'. क्वेव्रीला 'पुरलेला रांजण', क्रियापद 'आंबणे', आणि महिनोन् महिने बंद ठेवण्याला 'संधान'. सालींसकट आंबवण्यासाठी एखादा सुटसुटीत शब्द अजून हवा आहे. 'सालीवरची वाईन' असं तूर्तास लिहून ठेवते, कुणाला याहून बरं सुचलं तर सांगा.