शरीरावर काम करणाऱ्या सायकोथेरपीचा खरंच उपयोग होतो का? आईसाठी विचारतेय

कृष्णाकाठची:
नमस्कार, सांगलीतून लिहितेय. 2019 च्या महापुरात आई-पप्पा घरातच वरच्या मजल्यावर अडकले होते, बोट यायला रात्र झाली. तेव्हापासून दर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटाच्या इशारा पातळीकडं निघालं अशी बातमी आली की आईची मान आणि खांदे आखडतात, छातीत धडधडतं, हात गार पडतात, झोप तर नाहीच. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. काउन्सेलरकडं नेलं तर "मला काय धाड भरलीय" म्हणून गप्प बसली. आता पुण्यात एकांनी बॉडी ओरिएंटेड थेरपी सुचवलीय, श्वास, हालचाल, अंगात कुठं काय जाणवतंय ते बघायचं, असं. फी बरीच आहे. पैशाचं बघू कसंतरी, पण फरक पडतो का?

मिरजेहून:
ताई, मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी हे बघा की या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या पद्धती येतात. 1930 च्या दशकात विल्हेल्म राइख या मनोविश्लेषकानं मांडलं की दाबलेल्या भावना स्नायूंच्या ताणात धरून ठेवल्या जातात, त्यातून पुढं बायोएनर्जेटिक्स ही शरीराच्या हालचाली आणि श्वासावर काम करणारी पद्धत आली. पीटर लेव्हिनचं सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग वेगळं, त्यात आठवणीला एकदम हात घालत नाहीत, अंगातल्या संवेदनेकडं थोडं थोडं लक्ष नेतात आणि परत सुरक्षित वाटणाऱ्या गोष्टीकडं आणतात. त्याची 2017 ची एक चाचणी आहे, पीटीएसडीचे, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मागं राहणाऱ्या मानसिक त्रासाचे 63 लोक, 15 सेशन, आणि लक्षणं चांगली कमी झाली. पण तुलना कुणाशी, तर वेटिंग लिस्टवरच्या लोकांशी, म्हणजे काहीच उपचार न मिळालेल्यांशी. 2021 मध्ये शरीरावर काम करणाऱ्या वेगवेगळ्या थेरपींच्या 18 चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा मध्यम परिणाम दिसला, पण बऱ्याच चाचण्या लहान होत्या.

आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: स्किझोफ्रेनियात जो थंडपणा, निरुत्साह येतो त्यावर 2006 मध्ये 45 पेशंटच्या चाचणीत बॉडी थेरपी छान चालली होती, मग इंग्लंडात 275 पेशंटवर मोठी चाचणी झाली, 2016 ला छापून आली, तुलना पिलाटेस या व्यायामाच्या क्लासशी, तर म्हणण्यासारखा फरकच नाही. आजार वेगळा आहे, मान्य, पण लहान चाचणीतलं यश मोठ्या चाचणीत टिकेलच असं नाही, हा धडा इथंही लागू. आईंसारख्या त्रासात ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (धक्क्याच्या आठवणी आणि त्याबद्दलचे विचार हळूहळू हाताळणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचाली करत आठवण हाताळायची थेरपी) यांचे पुरावे जास्त भक्कम आहेत, मी आधी तेच विचारेन.

अजिंक्यतारा रोज:
मिरजकरांचं पटतं, पण जो माणूस बोलतच नाही त्याचं काय? अपघातानंतर माझी गाडी खंबाटकी घाटात शिरली की घाम फुटायचा आणि त्यावर बोलायला सांगितलं की माझं तोंडच बंद व्हायचं. मग एका बाईंनी पाय जमिनीवर टेकवून बसवलं, श्वास कुठं अडकतोय एवढंच विचारायच्या, कित्येक सेशन अपघाताचं नावसुद्धा काढलं नाही. त्यानंतर मला बोलता यायला लागलं. औषधाची गोळी चालूच होती, त्यामुळं सगळं श्रेय थेरपीला देत नाही, पण दार तिनंच उघडलं असं मला मनापासून वाटतं.

पाटणकर:
फी द्यायच्या आधी माणूस बघा. चार दिवसांचा कोर्स करून सर्टिफिकेट लावणारे खूप झालेत. आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा सायकियाट्रिस्ट यांनी आधी तपासावं. अंगाला हात लावणार का, कुठं, हे पहिल्या दिवशीच विचारा, आणि आई नको म्हणाल्या की तिथंच थांबलं पाहिजे. जोरजोरात श्वास घ्यायला लावून, ओरडायला लावून "बाहेर काढा" म्हणणारा असला तर उठून या, धडधड असलेल्या माणसाला त्यानं जास्तच घाबरायला होतं.

कृष्णाकाठची:
खूप आभार सगळ्यांचे. मिरजकर, ईएमडीआरमध्ये पण सगळं बोलावं लागतं का?

मिरजेहून:
सगळं सविस्तर सांगावं लागत नाही ताई, प्रसंग मनात धरायचा असतो आणि डोळ्यांच्या हालचाली चालू असतात, म्हणून तुमच्या आईंना कदाचित जमेल. आणि पाऊस लागायच्या आधी सुरू करा, पाणी वाढायला लागल्यावर त्यांना घराबाहेर काढणंच अवघड होईल. मधल्या काळात टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, पहिला फोन तुम्हीच केला तरी चालतो.