आत्महत्या रोखायच्या तर सुरुवात कृषी केंद्रापासून करा

रानवारा:
दर १० सप्टेंबरला, आत्महत्या प्रतिबंध दिनाला, 'बोलते व्हा'च्या पोस्टी फिरतात. त्यात वाईट काही नाही. पण माझं म्हणणं वेगळं आहे: माणसाच्या मनात शिरण्याआधी बाजारात काय विकलं जातंय ते बघा. श्रीलंकेत १९९५ च्या सुमारास वर्षाला लाख माणसांमागे ४७ आत्महत्या होत होत्या. तिथल्या सरकारनं १९८४ पासून टप्प्याटप्प्यानं सर्वांत जहाल कीटकनाशकं बंद केली आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत हे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. त्यातला बराच काळ तिथे यादवी युद्ध चालू होतं, म्हणजे लोक सुखी झाले म्हणून आकडा उतरला असं नाही. विषबाधेचे रुग्ण दवाखान्यात येतच राहिले, फक्त वाचणारे वाढले. आपल्याकडे २०२० साली केंद्रानं २७ कीटकनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यातली मोजकीच शेवटी बंद झाली. (आपण विषालाही 'औषध'च म्हणतो, हे एक आहेच.)

सरकीवाला:
आजार रेड्याले अन औषध पखालीले! भाऊ, कापसाले भाव नाही, सोयाबीन घरात पडून हाये. कृषी केंद्रवालाच सल्ला देते, तोच उधारी देते, अन हंगाम झाला का वसुलीले तोच दारात. बाटली बंद केली म्हून त्याची उधारी फिटते का? ज्याले जीव द्यायचाच हाये तो देतेच. अन त्याच श्रीलंकेनं २०२१ मंधी खतं बंद केली, भाताची वाट लागली. थे काहून नाही सांगत?

रानवारा:
सांगतो की. २०२१ ला सगळीच रासायनिक खतं-औषधं एका फटक्यात बंद केली होती, आणि त्याच वर्षी निर्णय मागेही घ्यावा लागला. मी म्हणतोय ते निवडक विषांबद्दल, पर्याय हाताशी ठेवून. तिथल्या त्या निवडक बंदीनंतर पिकाचा उतारा घटल्याचं दिसलं नाही. आणि 'ज्याला द्यायचाच आहे तो देतोच' हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. एकदा वाचलेल्यांतले बहुतेक जण पुढे आत्महत्येनं मरत नाहीत, हे देशोदेशी दिसलंय. ती वेळ टळली पाहिजे.

केसपेपर:
ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, १८ वर्षं झाली. शुद्धीवर आलेला माणूस आधी काय म्हणतो सांगू? 'पोरं कुठं आहेत?' मरायचं ठाम ठरवून आलेले फार थोडे बघितले मी. बाकीच्यांचं भांडण संध्याकाळचं असतं आणि सकाळी ते स्वतःच रडत असतात. आमचा वेळ जातो तो नातेवाइकांच्या खोटं बोलण्यात. पोलिसांच्या भीतीनं ते सांगतात, 'फवारताना चुकून गेलं.' २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला ताणाखालचा रुग्ण मानायला सांगितलंय. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलंच नाही. पण एमएलसीचा, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसचा, कागद दिसला की घरचे अजूनही थरथरतात.

उंबरठा:
भाव, उधारी, बाटली. झालं? २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९०, आणि गृहिणी २५,३०९. त्यांच्यासाठी कुठलं पॅकेज निघालं? सातबारावर नाव नसलेली बाई जन्मभर निंदण करूनही नोंदीत 'गृहिणी'च. माझी चुलत बहीण दोनदा माहेरी आली, दोन्ही वेळा समजूत घालून परत पाठवली. पुढच्या खेपेला आम्हीच तिकडे गेलो, तेराव्याला. तिला ना हमीभाव हवा होता ना समुपदेशन. माहेरात एक खोली हवी होती.

रानवारा:
ताई, यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पायवाट:
सरकीवाल्यांना एक. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत २०११ नंतर 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना शिकवून घरोघर पाठवलं, गरज पडली तर पुढे डॉक्टर. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे १०० त ४ होते, ते २७ झाले. आत्महत्येचे विचार येतात म्हणणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आले. तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय उपक्रमाला देता येणार नाही. पण भाव वाढेपर्यंत हातावर हात ठेवून बसायची गरज नाही, एवढं तरी दिसतं.

सरकीवाला:
बरं, मानलं. मंग सरकारनं घरोघर कुलुपाच्या पेट्या वाटाव्या औषध ठेवाले. सोपं हाये.

रानवारा:
श्रीलंकेत १८० गावांत तेही करून बघितलं, फरक पडला नाही. किल्ली घरातच असते ना! म्हणून तर दुकानापासून सुरुवात करा म्हणतोय.

केसपेपर:
१४४१६ लक्षात ठेवा सगळ्यांनी. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात.

उंबरठा:
आमच्याकडे बायकांचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो.

केसपेपर:
माहीत आहे. म्हणून मी बाळाच्या लसीच्या दिवशी आईला बाजूला घेऊन विचारते. तेवढी दहा मिनिटं ती एकटी सापडते.

सरकीवाला:
सिस्टर, वादावादी राहू द्या. माह्या शेजारचा पोरगा आठ दिवसांपासून धड जेवत नाही, वावरात येत नाही. काल मले म्हणे, 'काका, माह्या बैलजोडीकडं पाहजा.' त्याले काय इचारू?

केसपेपर:
सरळ विचारा, 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्यानं मनात नसलेलं येत नाही. हो म्हणाला तर एकटा सोडू नका, १४४१६ लावून द्या आणि सकाळी दवाखान्यात घेऊन या. त्याच्या घरातलं फवारणीचं औषध आजच तुमच्याकडे आणून ठेवा.

सरकीवाला:
जेवन झालं का जातो.

केसपेपर:
आत्ता जा दादा. त्याच्याबरोबरच जेवा.