पीट न्यूएल : १९५९च्या कॅलिफोर्नियाचा बचाव नेमका कसा होता?

बाकावरचा
१९५९च्या एनसीएए स्पर्धेत (अमेरिकेतली कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा) कोच न्यूएलच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने उपांत्य सामन्यात ऑस्कर रॉबर्टसनच्या सिनसिनाटीला ६४-५८ आणि अंतिम सामन्यात जेरी वेस्टच्या वेस्ट व्हर्जिनियाला ७१-७० असं हरवलं. त्या दोघांच्या तोडीचं संघात कुणीच नव्हतं. मग जमलं कसं? आणि ते हात वर धरून सरकायचं ड्रिल कसं घेतात?

पिव्होट
वेगावर ताबा, बाकी सगळं त्यामागून. तेव्हा कॉलेजात शॉट क्लॉक (ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायची सक्ती) नव्हतं. स्वतःकडे बॉल असला की सावकाश खेळायचं. समोरच्याकडे गेला की पूर्ण कोर्टभर प्रेस (अंगावर जाऊन दबावाचा बचाव). म्हणजे घाई नेहमी समोरच्याची. रॉबर्टसन हंगामभर सरासरी ३२च्या वर गुण काढत होता, बॉब डाल्टनने त्याला १९वर रोखलं. वेस्टने मात्र २८ काढले, आणि कॅलिफोर्नियाची १३ गुणांची आघाडी वेस्ट व्हर्जिनियाच्या प्रेसमुळे जवळजवळ गेलीच होती. शेवटी डॅरल इमहॉफने स्वतःचाच हुकलेला शॉट टिप करून (बोटांनी ढकलून) आत घातला म्हणून निभावलं.

टाच_वर
ड्रिल असं : गुडघे वाकलेले, एक पाय पुढे, त्याच बाजूचा हात वर, दुसरा बाजूला पसरलेला. कोच हाताने दिशा दाखवेल तिकडे सरकायचं. न्यूएल हे २० मिनिटांपर्यंत नेत. सुरुवात २-३ मिनिटांनीच करा. दमल्यावर मुलं आधी गुडघे सरळ करतात, मग पाय जवळ आणतात किंवा एकमेकांवरून टाकतात. तिथेच थांबवा. चुकीच्या पवित्र्यात काढलेली मिनिटं चुकीचीच सवय लावतात.

बाकावरचा
आणि २४ सेकंदांच्या शॉट क्लॉकच्या नियमात?

पिव्होट
सावकाश खेळ नाही चालणार, प्रेस चालतो. अर्धं कोर्ट ओलांडायला ८ सेकंद असतात. त्यातली ७ खाल्लीत तर आक्रमणाला १७च उरतात. न्यूएलची रिव्हर्स ॲक्शन ही आक्रमणाची चालही घ्या : बचाव बॉलच्या बाजूला झुकला की पलीकडचा फॉरवर्ड वर येतो, त्याच्यामार्फत बॉल झटकन दुसऱ्या बाजूला जातो. तो उशिरा वर आला की पास मध्येच कापला जातो.

बाकी, न्यूएलनी जिंकलेलं बघा : १९४९ची एनआयटी (कॉलेजांचीच दुसरी मोठी स्पर्धा) सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाकडून, १९५९ची एनसीएए, १९६०चं रोम ऑलिंपिक सुवर्ण, आणि चाळिशीतच कोचिंग बंद! नामांकित कोच जॉन वुडनच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाला त्यांनी शेवटचे सलग ८ सामने हरवलं होतं, हे हल्ली कुणाच्या लक्षातही नसतं.